डॅशबोर्डवरचा चिकटा: आधी डाग ओळखा, मग बाटली उचला

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एक जुनी हॅचबॅक घेतली. इंजिन शांत, टायर बरे, कागदपत्रं नीट. आधीच्या मालकांनी डॅशबोर्डवर गणपती बसवलेला होता. मूर्ती ते घेऊन गेले आणि डबल टेपचा चौकोन आमच्यासाठी ठेवून गेले. काळा, रबरासारखा, वर दोन वर्षांची धूळ बसलेला. घराजवळच्या वॉशिंग सेंटरवर गाडी नेली तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "काका, पाच मिन्टांत काढून देतो." त्याने फडक्यावर थिनर घेतलं आणि खरोखर पाच मिनिटांत बराचसा गोंद गेला. डॅशबोर्डला काही झालं नाही. मग तेच फडकं त्याने उत्साहाने ऑडिओभोवतीच्या पट्टीवरही फिरवलं, आणि ती पट्टी तिथल्या तिथे पांढुरकी, खरखरीत झाली. ती आजही तशीच आहे.

थिनर एकच, फडकं एकच, हातही एकच. मग एक जागा वाचली आणि दुसरी का गेली? याचं उत्तर कळलं की गाडीच्या आतली निम्मी सफाई कळली.

खाली कोणतं प्लास्टिक आहे?

आपण सगळ्याला प्लास्टिक म्हणतो, पण गाडीत ती तीन-चार वेगळी असतात. डॅशबोर्डचा मोठा भाग, डोअर पॅड, खांबांवरची कव्हरं, पायाजवळच्या पट्ट्या ही बहुतेक साध्या गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची असतात. हे प्लास्टिक चिवट असतं, रसायनांना सहज दाद देत नाही. ऑडिओभोवतीची पट्टी, एसीच्या जाळ्या, गिअरभोवतालचा भाग, चकचकीत काळे किंवा चंदेरी तुकडे हे बऱ्याचदा एबीएसचे, नाहीतर एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाचे असतात. एबीएसवर रंग आणि चमक छान बसते, पण थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन त्याला अक्षरशः विरघळवतं. मीटरवरची पारदर्शक 'काच' ही काच नसतेच. ती ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट असते आणि सगळ्यांत नाजूक तीच.

ओळखायचं कसं? जो भाग हाताने निघतो, उदाहरणार्थ ग्लोव्ह बॉक्स किंवा कप होल्डरचा तळ, तो उलटा करून बघा. मागच्या बाजूला बाणासारख्या दोन कंसांत इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात: पीपी, एबीएस, पीसी. पीपीपुढे टीडी आणि एखादा आकडा दिसला तर त्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली आहे एवढाच अर्थ. जो भाग निघत नाही तिथे अंदाज: खरखरीत, मॅट, किंचित मेणचट लागणारा असेल तर पीपी, गुळगुळीत, रंगवलेला, टिचकी मारल्यावर कडक वाजणारा असेल तर एबीएस समजून जपूनच वागा. पीपीवरही वरून रंगाचा हात असेल तर तो रंग जाऊ शकतो. म्हणून कुठलंही द्रव आधी सीटखाली झाकलेल्या कोपऱ्यात लावून, पाच मिनिटं थांबून, पांढऱ्या कापडाने पुसून बघायचं. कापडावर गाडीचा रंग आला तर ती बाटली त्या जागेसाठी बाद.

थिनर, पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि नेलपॉलिश रिमूव्हर हे पाचही मी गाडीच्या आत बादच धरतो. पीपीने थिनर सोसलं म्हणून ते वापरायचं असं नाही. फडकं एक इंच सरकलं की काय होतं ते माझ्या ऑडिओच्या पट्टीवर लिहिलेलं आहे.

आपली धूळ आणि आपलं ऊन

सोलापुरात ही कामं करताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. पहिली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या याचमुळे. हीच माती बारीक धूळ होऊन डॅशबोर्डच्या दाणेदार पोतात बसते. तिच्यावर थेट ओलं फडकं फिरवलं की तिचा लेप होतो, तो खळग्यांत शिरतो, आणि सुकल्यावर गाडी आधीपेक्षा मळकट दिसते. शिवाय त्यात वाळूचे कण असले तर चकचकीत भागावर ओरखडे ठरलेले. म्हणून कोरडं काम आधी. व्हॅक्यूम एका हातात, रंगकामाचा मऊ ब्रश दुसऱ्या हातात. ब्रशने धूळ उडवायची आणि तिथल्या तिथे ओढून घ्यायची. ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीला इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तीच चरे पाडते. एसीच्या जाळ्या वरच्या पातीपासून खाली घ्या.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीत डॅशबोर्डचं तापमान सत्तर अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्यावर काहीही मारलं तर पुसायच्या आत सुकतं आणि त्याचाच नवा डाग पडतो. सकाळी आठच्या आत, नाहीतर सावलीत दोन तास उभी राहिल्यावर हात लावा. हाताचा मागचा भाग टेकवून बघा, कोमट लागलं तर अजून थांबा.

पाण्याचंही आहेच. बोअरचं पाणी जड असेल तर पुसल्यावर पांढरे कडे राहतात आणि आपल्याला वाटतं डाग गेला नाही. या कामासाठी एक लिटर आरओचं पाणी बाजूला काढा, किंवा डिस्टिल्ड पाणी आणा. आधीच पांढरे कडे पडले असतील तर चार भाग पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर, फडकं ओलसर करून एक हात, नंतर साधं पाणी.

सामान

फार लागत नाही. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड किंवा लहान मुलांचा शाम्पू. फेस व्हायला हवा, पण हात बुळबुळीत व्हायला नको. कपड्यांची पावडर नको, ती क्षारयुक्त आणि खरखरीत दोन्ही असते. खोबरेल तेल. निलगिरी तेलाची छोटी बाटली, मेडिकलमध्ये मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड साफ करायला जे आयपीए वापरतात ते. कापूस, जुना टूथब्रश, मुदत संपलेलं एटीएम कार्ड, थोडा डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा.

आणि फडकी. घराघरांत सोलापुरी टॉवेल असतो, मग बाजारातून फडकं कशाला आणायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. अर्धं उत्तर असं की जुना, शंभर वेळा धुतलेला टेरी टॉवेल दाणेदार प्लास्टिकवर उत्तम चालतो. त्याचे फासे खळग्यांत शिरून मळ उचलतात. नवा मात्र नको, त्यात खळ असते आणि तो तंतू सोडतो. शिवलेली किनार कापून टाका. चकचकीत भाग, स्क्रीन आणि मीटर यांना टेरी लावायचाच नाही, तिथे मायक्रोफायबर हवं.

एक नियम सगळीकडे: द्रव फडक्यावर घ्यायचं, गाडीवर फवारायचं नाही. काच वर-खाली करायच्या बटणांत किंवा स्टार्टरच्या बटणात गेलेलं पाणी नंतर महागात पडतं. आयपीए वापरताना चारही दारं उघडी, चावी बंद, जवळ उदबत्ती किंवा सिगारेट नाही.

डबल टेप आणि स्टिकरचा गोंद

सगळ्यांत जास्त छळणारा प्रकार हाच, म्हणून जरा सविस्तर. देवाची मूर्ती, मोबाइल होल्डर, फास्टॅगच्या बाजूला चुकून लागलेली पट्टी, पार्किंगचा स्टिकर, सगळ्यांचा गोंद थोड्याफार फरकाने सारखाच वागतो.

मूर्ती अजून चिकटलेली असेल तर ती पिरगाळून उपटू नका. डॅशबोर्डचं वरचं पातळ आवरण सोबत येऊ शकतं. डेंटल फ्लॉस दोन बोटांना गुंडाळा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत टेपच्या फोममधून न्या. फोम मधोमध कापला जातो, मूर्ती हातात येते, खाली अर्धा फोम उरतो.

तो फोम अंगठ्याने एका कडेकडून गोल-गोल चोळत न्या. ताज्या गोंदाच्या वळ्या होतात आणि त्या एकमेकींना ओढत निघतात. जुना, कडक गोंद असेल तर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर वीतभर लांबून अर्धा मिनिट. इथे एक उलटं गणित आहे: थोडा कोमट गोंद निघतो, फार तापलेला मधासारखा तारा सोडतो आणि पसरतो. भर दुपारी काढायला गेलेल्यांचा चौकोन वाढतो तो यामुळेच. तारा सुटायला लागल्या तर थांबा, गार होऊ द्या.

फोम गेल्यावर उरलेल्या पातळ थरावर चिकटपट्टीचा तुकडा दाबून झटक्यात उचला, दहा-बारा वेळा. चिकटा चिकट्याला धरतो. निम्मं काम विनातेल होतं.

आता तेल. कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवून गोंदावर ठेवा आणि वीस मिनिटं त्याला विसरा. चोळायचं नाही, मुरू द्यायचं. मग एटीएम कार्डाच्या कडेला मायक्रोफायबर गुंडाळून अगदी आडवं धरून सरकवा. ब्लेड, सुरी, स्टीलची घासणी यांचं नावही काढू नका. पीपीवर एवढ्यानेही काही राहिलं तर निलगिरी तेलाचे दोन थेंब कापसावर, पंधरा सेकंद, लगेच पुसा. निलगिरी जास्त जोरकस आहे; एबीएसवर आणि रंगवलेल्या भागावर ते ठेवू नका, तिथे खोबरेल तेलच पुन्हा लावा आणि अर्धा तास द्या. शेवटी साबणपाण्याने तेल काढा, नाहीतर उद्या तिथे धुळीचा नवा चौकोन उमटेल.

एवढं करूनही चौकोन दिसतोच? बोट फिरवून बघा. गुळगुळीत, कोरडं लागत असेल तर तो मळ नाही. भोवतालचं प्लास्टिक उन्हाने विटलं आणि टेपखालचं वाचलं, एवढंच. तिथे घासत बसलात तर पोत मात्र जाईल. घसरू नये म्हणून ठेवतात त्या जेलच्या मॅटखाली चकचकीत, ओला वाटणारा ठसा पडतो त्याचंही तसंच: मॅटमधलं मऊ करणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. पातळ साबणपाणी, नंतर थोडं आयपीए, आणि राहील ते राहू द्या.

हळद, कुंकू, भंडारा

नवी गाडी घेतली की तुळजापूर, अक्कलकोट, नाहीतर बाळ्याचा खंडोबा यांपैकी एक फेरी ठरलेली. स्टीयरिंगला कुंकवाचं बोट, डॅशबोर्डवर भंडारा, बेज रंगाच्या डोअर पॅडवर पिवळे पंजे. घरी येऊन आपण श्रद्धेने थोडे दिवस तसंच ठेवतो आणि मग साबणपाण्याचं फडकं घेतो. इथेच घोळ होतो. हळद साबणातल्या क्षाराने लालसर होते. हळदीत चुना मिसळला की रंग पालटतो, तोच प्रकार. पिवळा डाग अचानक विटकरी झाला की माणूस घाबरून जोर लावतो आणि डाग आत ढकलतो.

क्रम असा ठेवा. आधी पूर्ण कोरडं: ब्रश आणि व्हॅक्यूम, मग चिकटपट्टीने टिपणं. पुड जेवढी कोरडी निघेल तेवढी पुढची डोकेदुखी कमी. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून दाणेदार पीपीवर खोबरेल तेलाचा बोळा टिपून टिपून फिरवा, कापूस पिवळा झाला की नवा घ्या. नंतर आयपीएचा बोळा, तोही बाहेरून आत, म्हणजे डाग पसरणार नाही. शेवटी साबणपाणी. आता लाल झांक आली तरी ती थोड्याच हळदीची असते. व्हिनेगरच्या पातळ पाण्याने पुसली की परत पिवळी होते.

उरलेल्या फिकट पिवळ्यासाठी ऊन वापरा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. ती बाजू सूर्याकडे करून गाडी तीन-चार दिवस उभी करा. आमच्या डाव्या दारावरचा पंजा असाच गेला. घासून गेला नव्हता.

कुंकवाचं नेम नाही. बाजारातल्या पुडीत कोणता रंग असेल सांगता येत नाही, त्यामुळे आधी थंड पाण्याने टिपून बघा, मग आयपीए. कापूर-उदबत्तीचा तपकिरी, ओशट राप मात्र सोपा: साबणपाणी आणि टूथब्रश, दोन हात.

चटणी, चहा, ऊस

हुरड्याहून परतताना मागच्या सीटवर शेंगाचटणीचा डबा उघडला गेला की पुढचं सांगायला नको. चटणीचं तेल कोमट साबणपाण्याने निघतं, पण तिखटाचा लाल रंग तेलात बसलेला असतो. म्हणून आधी कोरड्या टिशूने तेल टिपा, मग साबण. चहा, उसाचा रस, सरबत यांत साखर असते. साखरेला कुठलंही खास रसायन लागत नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर टाकून ठेवा, ती आपोआप सुटते. कप होल्डरमध्ये काढता येणारी वाटी असेल तर ती काढून बादलीत टाका. लोक खरवडत बसतात ते मला कधी कळलं नाही.

च्युइंगम असेल तर पिशवीत बर्फ घालून वर धरा, कडक झाला की कार्डाने उडतो.

केसांचं तेल डोअर पॅडवर आणि मागच्या खांबाच्या कव्हरवर काळपट चट्टा करतं, तिथे साबणपाणी आणि आयपीए आलटून पालटून. सनस्क्रीनचे पांढुरके हात बहुधा दाराच्या मुठीजवळ दिसतात. ते गरम साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने निघतात, पण महिनोन्‌महिने राहिले तर खालचा रंग सुरकुततो, मग इलाज नाही. गाडीतलं परफ्यूम सांडलं तर हातातलं सगळं सोडून आधी ते टिपा आणि पाण्याने पुसा. त्यातली द्रव्यं रंगवलेलं प्लास्टिक उठवतात, कधी तासाभरात.

'पॉलिश'चा थर

सर्व्हिसिंगहून आलेली गाडी आतून लखलखते, दोन दिवस. मग बोट लावा, बुळबुळीत. आठवड्याने त्यावर काळ्या मातीचा मखमली थर. हा सिलिकॉनचा पॉलिश आणि तो एकावर एक चढत जातो. उन्हात त्याची चमक पुढच्या काचेत पडते, होटगी रोडने सकाळी पूर्वेकडे तोंड करून जाताना ती चांगलीच जाणवते. स्टीयरिंग, पेडल आणि गिअरच्या मुठीवर तर तो लावूच देऊ नका, सांगून ठेवा.

काढायला ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ ब्रशने एका वेळी हातभर जागा, लगेच ओल्या फडक्याने उचलायचं. दोनदा, कधी तीनदा. प्लास्टिकवरून पाणी थेंबा-थेंबाने पळायचं थांबलं, सपाट पसरायला लागलं, की थर गेला.

जो चिकटा मळ नसतो

काही गाड्यांत काच वर-खाली करायची बटणं, मुठी, मधला भाग यांवर रबरासारखा मऊ लेप असतो. काही वर्षांनी तो स्वतःच चिकट होतो. दमट हवा आणि उष्णतेने लेपाचं रसायनच तुटलेलं असतं. ओळख सोपी: पुसला तर फडकं काळं होतं आणि चिकटपणा तसाच. हा साफ होत नाही, काढून टाकावा लागतो. बटणांचा संच बाहेर काढून आयपीएच्या कापसाने लेप पूर्ण उतरवायचा, तासभर लागतो, खाली चकचकीत काळं प्लास्टिक निघतं. बटणांवरची चिन्हं लेपातच छापलेली असतील तर तीही जातात. ती जपायची असतील तर सरळ नवा संच लावा.

चकचकीत काळं आणि स्क्रीन

मीटर, स्क्रीन आणि पियानोसारखा काळा भाग यांना फक्त आरओचं पाणी, नाहीतर एका कपात शाम्पूचा एक थेंब. अमोनियाचं काच क्लीनर आणि आयपीए मीटरवर नको, बारीक केसासारख्या भेगा पडू शकतात. आधी फुंकून किंवा सायकलच्या पंपाने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर सरळ रेषेत, न दाबता. मॅजिक इरेजर नावाचा पांढरा स्पंज बेज रंगाच्या खरखरीत भागावर बुटाच्या काळ्या रेघांसाठी छान. पण तो बारीक पॉलिश पेपरच असतो, चकचकीत भागावर एकदाच फिरवलात तरी पुरे, म्हणजे वाटोळं व्हायला.

सगळं झालं की साध्या पाण्याचा शेवटचा हात, कोरडं फडकं, आणि काचा बोटभर खाली ठेवून तासभर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात बघा. राहिलेलं तेल तेव्हाच दिसतं. पाणी बेस असलेलं, मॅट, ऊन रोखणारं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवरचा संरक्षक लेप, लावायचं तर त्यानंतर, अगदी पातळ.

पार्किंगमध्ये डॅशबोर्डवर जुनी चादर टाकायची आपल्याकडची पद्धत मला पटते, फक्त ती कोरडी असावी, ओली असली तर रंग सोडते, आणि गाडी सुरू करायच्या आधी काढावी. डावीकडे डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं असतात, त्या झाकणावर चालत्या गाडीत चादर नको आणि मूर्तीही नको. एअरबॅग उघडली तर ती वस्तू समोरच्याच्या तोंडावर येते. आमचा गणपती आता आरशामागच्या काचेवर छोट्या स्टिकरच्या रूपात आहे. डॅशबोर्डवरचा जुना चौकोन चार वाजताच्या उन्हात अजून पुसटसा दिसतो. बायको म्हणते, ठेवा आता, आधीच्यांची जागा आहे ती.